खिंडीच्या चढावर मागून कुणीतरी

आधी माझी बाजू मांडते. चौतीस वर्षं मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. बायकांच्या अंगात आलेलं इतक्या वेळा पाहिलंय की मोजदाद सोडून दिली. लोक लिंबू-नारळ आणायला पळायचे, मी त्या बाईची खालची पापणी ओढून बघायचे — आत पांढरंफटक! लोहाच्या गोळ्या तीन महिने नीट घेतल्या की अंगात यायचं आपोआप थांबायचं. एकदा तर भूत उतरवायला आलेल्या भगताचंच बीपी वाढलेलं निघालं आणि त्यालाच जीपमध्ये घालून दवाखान्यात धाडावं लागलं. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वर्षभर वाचतेय ते, राग मानू नका, करमणूक म्हणून. कमेंटमध्ये "हिमोग्लोबिन तपासून घ्या" असं लिहिणारी ती मीच. आज माझा नंबर लागलाय. काय हसायचं ते हसून घ्या.

जागा सांगते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. तेलगावहून केजला येताना धारूरचा घाट लागतो तो सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणतेय तो रस्ता वेगळा. केजहून बीडच्या रस्त्याला लागलं की बऱ्याच अंतरावर एक फाटा फुटतो. तिथून पाच किलोमीटर आत कापसाची शेतं, मग बालाघाटाचा डोंगर, आणि डोंगरात एक खिंड. खिंडीचा चढ दीड किलोमीटरचा, वळणं तीन. तिसरं वळण सगळ्यात वाईट. वर तीसेक घरांची एक वस्ती आहे. वस्तीचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पोरांनी हे वाचलं तर मला "सिस्टर" म्हणायचे सोडून भलतंच काहीतरी म्हणायला लागतील.

ही वस्ती माझ्या उपकेंद्राला जोडलेली होती. महिन्यातून दोनदा लशींचा निळा डबा हँडलला अडकवून मी सायकलवर हा चढ चढायचे. आणि मागे कॅरिअरवर माझी लेक, आशू. तिचे वडील ती पाच वर्षांची असताना गेले. घरी ठेवायची कुणाजवळ? म्हणून बरोबर. चढ लागला की ती पटकन खाली उडी मारायची आणि दोन्ही तळहात कॅरिअरला लावून मागून ढकलायची. तिची एक पद्धत होती — दोन पावलं जोर, एक पाऊल दम. दोन पावलं जोर, एक पाऊल दम. पोरीच्या अंगात ताकद ती केवढी! पण त्या दोन पावलांनी मला खरंच आधार व्हायचा. आमच्यात ठरलेलं होतं: मी मागे वळून बघायचं नाही, कारण बघितलं की हँडल हलतं आणि डबा खडीवर. तर मी समोर बघून पायडल मारायचे, आणि मागे तिचा श्वास ऐकू यायचा.

तीच आशू आज एकतीस वर्षांची आहे आणि इंग्लंडमध्ये नर्स आहे.

ती गेली कशी, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती सतरा वर्षांची असताना तिच्या काकांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, तेलगावकडचं एक जमीनदाराचं स्थळ आणलं होतं. मी साफ नाही म्हणाले. पोरीला नर्सिंगला घातलं. भावकीनं माझ्याशी बोलणं टाकलं, पण ती इंग्लंडला निघाली त्या दिवशी मात्र सगळे झाडून बीडच्या स्टँडवर हजर! हार घालायला नाही हो, बघायला. दीर मोठ्यानं म्हणाले, "वर्षाच्या आत रडत माघारी येतीया का न्हाई बघा." माझं डोकं असं फिरलं की मी त्यांना उत्तर द्यायचं सोडून आशूलाच सगळ्यांसमोर म्हणाले, "माघारी यायचं न्हाई. आलीस तर दार उघडनार न्हाई मी."

बोलणं दिरांना होतं. त्यांना ते लागलंही. पण ऐकलं आशूनं.

त्याला सहा वर्षं झाली आणि सहा वर्षांत ती एकदाही आली नाही. रोज फोन, रोज व्हिडिओ, भाजी काय केलीस, गुडघा कसा आहे, सगळं. पण येण्याचा विषय निघाला की ती म्हणायची, "रजा मिळत न्हाई गं." आणि मी म्हणायचे, "यिऊन तरी काय करनार, इथं लई ऊन हाय." दोघीही धडधडीत खोटं. मला कळत होतं की एकदा तोंड उघडून "ये" म्हणायला पाहिजे. पण सगळ्यांदेखत बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे… मी जरा ताठ आहे. होते, म्हणा.

आता सायकलकडे येते. आशू राहते तो डर्बीशायर म्हणून डोंगराळ भाग आहे. सुट्टीच्या दिवशी ती सायकल घेऊन तिथल्या आतल्या रस्त्यांनी हिंडते. एकच मोटार जाईल एवढे ते रस्ते, दोन्ही बाजूंना सिमेंटशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले बांध, पलीकडे हिरव्यागार उतारावर मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचे फराटे. तासन् तास माणूस दिसत नाही म्हणे. तिच्याकडे कागदाचा नकाशा आहे. त्यात चढावर बाण छापलेले असतात — एक बाण म्हणजे चढ, दोन बाण म्हणजे लई चढ. तिच्या आवडत्या वाटेवर एक दोन बाणांचा चढ आहे. मी म्हटलं, "मग आपल्या खिंडीला चार बाण पडतील." तर ती म्हणाली, "आई, खिंडीत जात जा की गं कवातरी. सायकल हाय ना अजून?"

सायकल होती. तीच जुनी बावीस इंची लेडीज. टायर-ट्यूब बदलली, तेलपाणी केलं, आणि निवृत्तीनंतर मी परत चढ चढायला लागले. फाट्यापर्यंत सायकल जीपच्या टपावर टाकते, पुढे चालवत. केजात लोक म्हणायला लागले, सिस्टरला म्हातारपणी काय सुचलंय. म्हणू द्या.

आमचं असं ठरलं: ज्या रविवारी आशूला सुट्टी असेल त्या रविवारी दोघींनी एकाच वेळी निघायचं. तिचे सकाळचे आठ, माझे दुपारचे दीड. ती तिच्या चढावर, मी माझ्या. मध्ये फोन नाही, कारण खिंडीत रेंजच नसते. माथ्यावर पोचलं की एकमेकींना फोटो पाठवायचा. ती दगडी बांधाचा पाठवायची, मी बाभळीचा. तिला चढायला मजा यायची. मी मात्र तिसऱ्या वळणाला उतरायचेच, आणि उरलेला चढ सायकल हातात धरून. एकदाही चुकलं नाही. वय आहे, गुडघे आहेत, लाज कसली!

तो रविवार दिवाळीनंतरचा. वस्तीतल्या टोळ्या आठवड्यापूर्वीच ट्रॅक्टरनं कारखान्यावर गेलेल्या. ऊसतोडीला माणसं गेली की आमचे हे रस्ते असे सुने होतात की आपल्याच सायकलच्या चेनचा आवाज ऐकू येतो. ऊन होतं, पण चटका नव्हता. पोटभर भाकरी खाऊन निघाले होते. हे मुद्दाम सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी साखर उतरली म्हणेल.

पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या अलीकडे नेहमीसारखा दम लागला आणि मी उतरण्यासाठी एक पाय सोडला.

आणि सायकल पुढे गेली.

ज्यानं कधी चढावर मागून ढकलून घेतलंय त्यालाच हे कळेल. पायडलवरचं वजन एकदम निघून जातं, आणि सीटच्या खाली, कॅरिअरला, बारीकसा दाब येतो. तसाच दाब आला. मला वाटलं वस्तीतल्या कुठल्यातरी बाईनं गंमत केली. मी म्हटलंसुद्धा, "सोड गं बाई, पडचील!" कुणी बोललं नाही. सोडलंही नाही. मी सुटलेला पाय परत पायडलवर ठेवला… आणि मग मला ते कळलं. दोन पावलं जोर, एक पाऊल दम. दोन पावलं जोर, एक पाऊल दम.

अंगावर काटा आला असं लिहायची इथे पद्धत आहे. नाही आला. भीती अजिबात वाटली नाही. मला नुसतं रडू फुटलं. इतक्या वर्षांनी ते ढकलणं ओळखीचं वाटलं आणि मी ढसाढसा रडत सायकल चालवत होते. मागे बघितलं नाही. बघावंसं फार वाटत होतं, पण बघितलं तर ते थांबेल, एवढं पक्कं कळत होतं. तिसरं वळण गेलं. त्याच्यापुढचा तो खडा टप्पाही गेला. माथा आला तसा दाब हळूच निघाला, आणि सायकल जड होऊन जागच्या जागी उभी राहिली.

वर गंगूबाई शेळ्या घेऊन बसल्या होत्या. टोळीबरोबर न गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक. त्यांच्या चारही लेकरांना मीच टोचलंय. त्या म्हणाल्या, "आज उतरल्या न्हाईत व्हय सिस्टर? लई जोरात आलात."

मी विचारलं, "माझ्या मागं कोन हुतं?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरून खालच्या रस्त्याकडे पाहिलं. "कोन असनार? समदी गेली की कारखान्यावर. अन् बाई, रडताय कावून तुमी?"

मी त्यांना डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. मग वळून पाहिलं. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना सीताफळीची झाडं, खाली कापूस. माणूस नाही, जनावर नाही. कॅरिअर हातानं चाचपलं. कॅरिअरसारखं कॅरिअर.

फोन काढला तर रेंज आली होती आणि आशूचा मेसेज आधीच येऊन पडला होता. फोटो नव्हता. फक्त एवढंच: "आई, वर पोचलीस की आधी फोन कर. कायतरी झालंय."

लावला फोन. ती उचलून नुसती रडत होती. मी ओरडले, "पडलीस का? कुटं लागलं? सकाळी खाल्लंस का? हिमोग्लोबिन कवा बघितलंस शेवटचं?"

"न्हाई गं, मला कायबी झालं न्हाई. ऐक तर." मग तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं देतेय. "धुकं हुतं. चढाच्या मध्यात सायकल एकदम लई जड झाली. मला वाटलं ब्रेक घासतोय. उतरून चाक फिरवून बघितलं, तर मस्त फिरतंय. परत बसले, परत जड. जसं कुनीतरी माणूस बसलंय सायकलवर… आई, मी खाली उतरले, अन् हँडल धरायचं सोडून मागं गेले. सीटला हात लावला अन् मागनं ढकलायला लागले. लहानपणी ढकलायचे तसं. कावून तसं केलं, मला म्हाईत न्हाई."

"अन् हँडल कुनी धरलं हुतं?" मी विचारलं.

"तेच तर सांगते! कुनीच न्हाई. मी मागनं ढकलतेय अन् सायकल सरळ चाललीय. दोन वळनं हायत तिथं. दोन्ही वळली. पडली न्हाई. माथ्यावर पोचले अन् हात काढला, तेवढ्यात धाडकन पडली."

मी खाली रस्त्यावरच बसले. गंगूबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या. मी आशूला म्हटलं, "किती वाजता झालं हे?" ती म्हणाली, "आत्ता. तुला मेसेज केला त्याच्या आधी पाच मिनिटं." मग मी माझं सांगितलं. दोन पावलं जोर, एक पाऊल दम, सगळं.

मग ती हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? दार उघडनार न्हाईस का गं तू खरंच?"

सहा वर्षं! सहा वर्षं ही पोर ते वाक्य घेऊन तिकडे राहिली, आणि मी इथे उन्हाच्या गोष्टी सांगत बसले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. मी म्हणाले, "आशे, ते तुला न्हवतंच गं. ते तुज्या काकाला हुतं. चुकलं माजं. तू ये. मला तू पायजेस."

"किती दिवस येऊ?"

कायमची ये, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचं तिकडे घर आहे, वॉर्ड आहे, तिच्या पेशंटना ती लागते. आणि तिकडे कायमचं राहण्याचे कागद तिनं त्याच महिन्यात भरले होते, ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "जेवढी रजा आसंल तेवढी ये."

ती फेब्रुवारीत आली. एकोणीस दिवस. दार मी उघडंच ठेवलं होतं, रस्त्यावरची दोन कुत्री आत येऊन बसली तरी लावलं नाही. दीरही भेटून गेले, पेढे घेऊन. माणूस वाईट नाही, तोंड वाईट आहे. माझंही तसंच आहे म्हणा.

एका सकाळी आम्ही दोघी खिंडीत गेलो. सायकल एकच, माझी. तिसऱ्या वळणाला मी उतरायला लागले तशी ती ओरडली, "बस, बस! मी ढकलते." मी म्हटलं, "अगं साठीला आले मी, तवासारखी हलकी हाय का?" तिनं ऐकलं नाही. कॅरिअरला हात लावले आणि ढकलायला सुरुवात केली, आणि तुम्हाला सांगते, इतकं वेडंवाकडं ढकलणं मी जन्मात अनुभवलं नाही! एकदा जोर जास्त, एकदा नाहीच, मध्येच तिला हसू यायला लागलं, हँडल गर्रकन वळलं आणि आम्ही दोघी सायकलसकट सीताफळीच्या झुडपात. माझं कोपर खरचटलं. तिच्या केसांत काटक्या. तिथेच बसून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. त्या रविवारचं ढकलणं किती नीट होतं, आणि खऱ्या आशूचं हे असं. पण मला हेच पाहिजे होतं.

आता खुलाशाचं. माझं सगळं तपासून झालंय — हिमोग्लोबिन, साखर, बीपी, कशात काही नाही. वारा म्हणाल, तर वारा दोन जोर आणि एक दम अशा हिशेबानं वाहत नाही. केजच्या सायकलवाल्याला विचारलं, कुणी हँडल धरलं नसेल तर सायकल सरळ जाईल का? तो म्हणाला, वेगात असेल तर थोडी जाईल, पण चालण्याच्या वेगानं, चढावर, अन् वळणावर? न्हाई. मन मनाला ओळखतं वगैरे मला सांगू नका, मनानं सायकल चढत नाही. तेव्हा काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर लिहा, मी न हसता वाचीन.

त्यानंतर तसं कधी झालं नाही. आशू तिकडे गेली, आमचे रविवार परत सुरू झाले. तिसऱ्या वळणाला मी उतरते आणि चालत वर जाते. माथ्यावर बसून आता आम्ही नुसते फोटो पाठवत नाही, बोलतो. फोन ठेवताना मी दर वेळी सांगते, "आशे, तुज्याबिगर करमत न्हाई बघ." ती म्हणते, "मला बी न्हाई गं." मग ती तिकडच्या उतारानं खाली जाते, आणि मी इकडच्या.